संथ लॅपटॉपची डिस्क आणि रॅम घरच्या घरी बदलताना

रावेरला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे माझा भाचा हिशेब लिहितो. त्याच्या लॅपटॉपचे बटण दाबून चहा ठेवावा, गाळावा आणि प्यावा, तेव्हा कुठे विंडोज हलू लागे. ट्रकच्या पावतीसाठी ड्रायव्हर दारात खोळंबला आहे आणि इकडे पडद्यावर वर्तुळ फिरतेच आहे, असे रोज होऊ लागल्यावर त्याने विचारले, ‘‘मामा, हा विकून नवाच घेऊन टाकू का?’’ प्रोसेसर चांगला होता. दुखणे जुन्या हार्ड डिस्कचे आणि अवघ्या ४ जीबी रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीचे होते.

आपल्या लॅपटॉपचे दुखणे तेच आहे का, हे आधी पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील परफॉर्मन्स हा भाग पाहावा. डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते, पण प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन-चार एमबीच आहे, असे असेल तर दोष डिस्कचा समजावा. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि विखुरलेली माहिती वाचायला तिच्या सुईला दर वेळी जागा बदलावी लागते, त्यामुळे अशी वाचने सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क; तीत फिरणारे काहीच नसल्याने तीच वाचने हजारोंनी होतात. मात्र रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते, म्हणून रॅमची कमतरताही डिस्कच्याच माथी दिसते. डिस्क आणि मेमरी, म्हणजे रॅम, हे दोन्ही आकडे एकत्र पाहावेत. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर माझे मत एसएसडीच्या बाजूने आहे.

खरेदीत चूक होते ती मापाची. जुनी डिस्क अडीच इंची साटा प्रकारच्या जोडाची असेल, तर ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी तिच्या जागी बसते. एम डॉट टू (M.2) प्रकारची, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी एसएसडी घ्यायची असेल तर अधिक सावध राहावे, कारण साटा आणि एनव्हीएमई (NVMe, अधिक वेगवान जोडणी) या दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच असतात आणि कित्येक लॅपटॉपांतील खाच त्यांपैकी एकच स्वीकारते. रॅमचेही तसेच आहे. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या; डीडीआर३ पट्टीला २०४ आणि डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात आणि कापही वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र एकाच खाचेत बसतात, पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ व्होल्टवर चालते, म्हणून जुन्या पट्टीवर एल असेल तर नवीही एलच घ्यावी. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले, तर रॅम बोर्डावरच डकवलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी मोकळी खाच आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पट्टी विकत घेऊ नये. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाणार असाल, तर जुन्या पट्टीच्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा.

नंतर जुन्या डिस्कवरील माहितीची नक्कल. फोटो आणि कागदपत्रे सगळेच आठवणीने घेतात. हिशेबाच्या टॅली प्रोग्रामचे डेटा फोल्डर आणि जुने मराठी फॉन्ट हमखास राहतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले अर्ज आणि प्रश्नपत्रिका ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ते फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले नाहीत, तर नव्या डिस्कवर त्याच फाइली उघडल्यावर अगम्य अक्षरे दिसतील. जुनी डिस्क निरोगी असेल, तर साटा-यूएसबी केबलने एसएसडी जोडून क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने हुबेहूब प्रत करता येते; पण ५०० जीबीच्या डिस्कची प्रत २५६ जीबीवर घेताना आधी डिस्कचे विभाग (पार्टिशन) लहान करावे लागतात. डिस्कमध्ये खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे असतील, तर मी प्रत करत नाही, नवे विंडोज टाकतो. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेले विंडोजचे कुलूप सुरू असेल, तर तो आधी बंद करावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

आता उघडण्याचे काम. आपल्याकडे वैशाखातली हवा इतकी कोरडी असते की अंगावर साचलेली स्थिर वीज पट्टीला लागू शकते. म्हणून गादीवर किंवा गालिच्यावर न बसता लाकडी टेबलावर काम करावे आणि अधूनमधून एखाद्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावावा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढावी आणि लॅपटॉप चालू करायचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे. बॅटरी आत असेल, तर झाकण निघताच पहिल्यांदा तिचा जोड सोडवावा. दिनदर्शिकेचे जुने पान टेबलावर पसरून प्रत्येक स्क्रू वेगळ्या तारखेच्या चौकोनात ठेवण्याची माझी पद्धत आहे, आणि ती मी धडा घेऊन लावून घेतली. एकदा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या छिद्रात पिळला, तर त्याचे टोक टचपॅडशेजारून फुगवटा होऊन वर आले. तो आजही बोटाला लागतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल, तर रबरी पायांखाली एखादा लपला आहे का ते पाहावे. कडा सोडवताना लोखंडी पाते न वापरता प्लॅस्टिकचे जुने कार्ड वापरावे.

डिस्क तिच्या धातूच्या चौकटीसह आडवी सरकवून जोडातून काढावी, वर उचलून ओढू नये. चौकटीचे स्क्रू एसएसडीला लावून ती तशीच सरकवून बसवावी. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी पट्टी साधारण ३० अंशांत, पिवळी टोके जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत खाचेत सरकवावी आणि मग खाली दाबावी. दोन्ही चिमट्यांचा ‘टक्’ आवाज झाला पाहिजे. झाकण उघडेच आहे, तर पंखाही पाहून घ्यावा. जिनिंगच्या गावांत त्यात कापसाचे तंतू धुळीसह नमद्यासारखे बसतात. पाते बोटाने धरून ते मऊ ब्रशने काढावेत.

झाकण लावण्यापूर्वी बॅटरी जोडून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, नवी डिस्क आणि रॅमचा पूर्ण आकडा दिसतो का ते पाहावे. पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. पहिल्या वेळी रॅम ओळखायला थोडा वेळ लागू शकतो. तरीही काही झाले नाही, तर वीज तोडून पट्टी काढून पुन्हा बसवावी, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे नव्याने टाकताना, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकणे योग्य. शेवटी विंडोजच्या शोधपट्टीत mdsched असे टाकून रॅमची तपासणी एकदा पूर्ण होऊ द्यावी.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. तीनशे-चारशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून ती महिनाभर तशीच ठेवावी. भाच्याला मागच्या वर्षीच्या पावत्यांचे एक फोल्डर विसाव्या दिवशी त्याच डिस्कवर सापडले.