तारखेचं चाक कोण ढकलतं? घड्याळाच्या कॅलेंडरचं डिझाइन शिकू पाहणाऱ्यांसाठी

रात्री दहा-साडेदहाला तारखेच्या यांत्रिक घड्याळातलं बॅलन्स चाक, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ मोजणारं चाक, लहान झोके घेऊ लागतं. दिवसभर २८० अंशांच्या आसपास असलेला झोका उतरतो आणि तारीख बदलली की पुन्हा वर येतो. शिकण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये न्युशातेलला आले, तेव्हा टाइमग्राफरसमोर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून झोका मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसून हे मी पहिल्यांदा पाहिलं. घड्याळात शक्तीचा साठा एकच, चावी दिलेली मुख्य स्प्रिंग. त्यावर पहिला हक्क बॅलन्सचा, कारण वेळ तोच राखतो. कॅलेंडर त्यातूनच उसनं घेतं. ते किती घ्यावं, कधी घ्यावं आणि किती वेळात घ्यावं, एवढ्याच प्रश्नावर मी इतकी वर्षं काम करते आहे.

नवे विद्यार्थी भेटले की बहुतेक सगळे पर्पेच्युअल कॅलेंडरबद्दल, म्हणजे लहान-मोठे महिने आणि लीप वर्षही आपोआप सांभाळणाऱ्या कॅलेंडरबद्दल, विचारतात. माझा सल्ला आधी साधी तारीख समजून घेण्याचा असतो. एनएच३५ किंवा ईटीए २८२४ सारखं सहज मिळणारं ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं) यंत्र घ्या, किंवा जुन्या बाजारात एचएमटीचं वार-तारखेचं ऑटोमॅटिक मिळालं तर ते उघडा. काटे आणि डायल काढलं की तारखेची कडी समोर येते. तिला आतून ३१ दाते असतात, म्हणजे एका दात्याला ११.६ अंश. तासकाट्याचं चाक दिवसात दोन फेरे घेतं. त्यावरून निम्म्या वेगाचं, २४ तासांत एकच फेरा घेणारं चाक चालवतात. त्या चाकावरचं बोट रोज एक दाता ढकलतं. कडी जागच्या जागी राहावी म्हणून एक पातळ स्प्रिंग दोन दात्यांच्या मध्ये नाक खुपसून बसलेली असते. तिला इथे जम्पर म्हणतात.

आता वही काढा. दात्यांची त्रिज्या ८ मिमी आणि बोटाच्या टोकाची ३ मिमी धरा. एक दाता पुढे जायला कडीला सुमारे १.६२ मिमी सरकावं लागतं. बोटाचं टोक तासाला जेमतेम ०.७९ मिमी सरकतं. म्हणजे निम्मा दाता ढकलायला तासभर लागतो. तिथे जम्परचं नाक दात्याच्या शेंड्यावरून पलीकडे घसरतं आणि उरलेला निम्मा दाता तोच कडी ओढून नेतो. टाइमग्राफरवर झोका ज्या तासात उतरतो, तो हाच तास.

माझी पहिली चूक जम्परचीच. कंपनीत मला तारखेच्या भागाचं काम मिळालं आणि तारीख हलता कामा नये म्हणून मी आखूड, ताठ स्प्रिंग काढली. तारीख घट्ट बसली, पण रात्री झोका चाळीसेक अंशांनी उतरू लागला. मग स्प्रिंग नरम केली, तर मनगट झटकताच कडी पुढच्या तारखेवर सरकली. दोन महिने मी या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत होते. शेवटी शेजारच्या बाकावरच्या एका वयस्क घड्याळजींनी विचारलं, "तुझी स्प्रिंग बसल्या जागी किती जोर लावते, आणि शेंड्यावर किती?" ते दोन आकडे मी कधी वेगळे मांडलेच नव्हते.

तारीख धरून ठेवतो तो बसल्या जागचा जोर, आणि बॅलन्सला जाचतो तो शेंड्यावरचा. आखूड, ताठ पात्यात पहिला कमी असला तरी दुसरा एकदम चढतो. लांब, लवचीक पातं आधीच पुरेसं वाकवून बसवलं, तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. पकड तीच राहते आणि माथ्यावरचा भार उतरतो. पात्याची लांबी दुप्पट केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. पण जाडीसुद्धा घनाच्या हिशोबात मोजली जाते. ०.१० मिमीच्या पात्यात ०.०१ मिमीची चूक झाली तर ताठपणा ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालेल एवढा फरक, लिहिताना मी आजही दोनदा थांबते. दुसरी सुधारणा कडी हलकी करण्याची होती. समतोल कडीला सरळ धक्का फारसा फिरवत नाही, मनगटाचा गोल झटका फिरवतो. तिथे कडीचं जडत्व कमी केलं की पकडही कमी लागते.

ठीक बाराला तारीख टपकन बदलायची असेल तर दिवसभर एका कॅमवर (कडेला चढउतार असलेल्या चकतीवर) स्प्रिंग हळूहळू ताणत ठेवतात आणि मध्यरात्री सोडतात. काम थोडं जास्तच होतं, पण ते अनेक तासांत वाटलं जातं. ही वाटणी नीट जमणं मला सगळ्यात सुंदर वाटतं.

आता महिने. साधी तारीख वर्षातून पाचदा हाताने लावावी लागते. पाटेक फिलिपने १९९६मध्ये मनगटी घड्याळात वार्षिक कॅलेंडर आणलं. त्याला ३० आणि ३१ कळतात, फक्त फेब्रुवारीअखेर हात लावावा लागतो. पर्पेच्युअलमध्ये बहुधा ४८ महिन्यांचा कॅम असतो: ३१ दिवसांचे २८ महिने कडेला, ३० दिवसांच्या १६ महिन्यांना उथळ खाचा, २८ दिवसांच्या तीन फेब्रुवारींना सर्वांत खोल, आणि लीप फेब्रुवारीला त्याहून थोडी कमी. महिनाअखेरीस मोठा लिव्हर खाचेत जितका खोल उतरेल तितके जास्त दाते तो एका हेलकाव्यात ढकलतो. त्यामुळे साध्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या रात्री भार सगळ्यात जास्त असतो. तुमचं डिझाइन त्या रात्रीसाठी करा.

अभ्यासायला तीन उदाहरणं देते. आयडब्ल्यूसीच्या कुर्ट क्लाउस यांनी १९८५च्या दा विंची या घड्याळात सुमारे ८० भागांचं कॅलेंडर एकट्या क्राउनवर, म्हणजे चावीच्या बोंडावर, लावता येईल असं केलं. लुडविग ओक्सलिन यांनी आपल्या पर्पेच्युअल कॅलेंडरात लिव्हरांऐवजी चाकांवर भर दिला. स्टीफन मॅकडॉनेल यांनी एमबी अँड एफ या घड्याळ कंपनीसाठी २०१५मध्ये केलेल्या कॅलेंडरात मूळ महिना २८ दिवसांचाच धरला आणि लागतील तेवढे दिवस त्यात मिळवले. ३१मधून वजाबाकी करण्याच्या जागी बेरीज आल्यामुळे दिवस चुकून गाळले जात नाहीत. एकच प्रश्न उलट्या बाजूने सोडवता येतो हे या कामातून दिसतं.

माणसं चुका करणार हेही धरून चाला. रात्री नऊ ते तीनच्या दरम्यान बोट दात्यात अडकलेलं असतं. तेव्हा कुणी झटपट तारीख बदलली तर काहीतरी मोडतं. बोटच लवचीक केलं तर ते वाकून वाट देतं. माहितीपुस्तिकेत लिहून जबाबदारी झटकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आपल्याकडच्या मुलांचा एक ठरलेला प्रश्न: तिथी दाखवता येईल का? चंद्रकलेच्या चाकाला दोन चांद्रमासांसाठी ५९ दाते असतात आणि रोज एक सरकतो, म्हणून एक चांद्रमास २९.५ दिवसांचा होतो, खरा असतो सुमारे २९.५३०६. महिन्याला ४४ मिनिटं चुकतात, म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवस. १३५ दात्यांनी हीच चूक सव्वाशे वर्षांच्या घरात जाते. पण हे झालं सरासरी चंद्राचं. तिथीची लांबी रोज बदलते आणि तिचा क्षयही होतो, त्यामुळे समान दात्यांच्या चाकाला ती पेलत नाही. हा प्रश्न मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. घड्याळ जुळवणारा घड्याळजी आणि ते रेखाटणारा कन्स्ट्रक्टर हे दोन वेगळे पेशे आहेत. मेकॅनिकल इंजिनिअरला दुसरा जवळचा. लोझानच्या ईपीएफएलमध्ये मायक्रोइंजिनिअरिंग शिकता येतं. ज्युरा या घड्याळांच्या डोंगराळ भागात काम करायचं तर फ्रेंच हवंच. आपल्याकडे शिकवलेला इन्व्होल्यूट (यंत्रांच्या गिअरना नेहमी देतात त्या वक्राचा) दात मात्र इथे बाजूला ठेवावा लागतो. स्प्रिंगची शक्ती पुढे नेणाऱ्या मुख्य चाकांच्या साखळीत पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चाकाला, सहा ते बारा दाते असतात, तिथे सायक्लॉइड या दुसऱ्या वक्राच्या घराण्यातला दात चालतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीला मी दोनच गोष्टी नेल्या होत्या: एका स्वस्त यंत्राच्या तारखेच्या भागाचं हाताने मोजून काढलेलं ड्रॉइंग, आणि रात्री नऊ ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी नोंदलेल्या झोक्याचा आलेख. पदवीच्या कागदांवर दहा मिनिटं गेली. त्या आलेखातल्या दहा वाजताच्या उतारावर दीड तास बोलणं झालं.