डिजिटल स्क्रॅपबुकचा पसारा कसा आवरावा?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीचा झोक्यावरचा फोटो होता. त्याचं डिजिटल स्क्रॅपबुकात, म्हणजे संगणकावर सजवलेल्या अल्बमात, पान करायला बसले आणि दोराच्या एका गाठीची चित्रफाइल हवी झाली. ती माझ्याकडे आहे हे पक्कं माहीत होतं, कुठे आहे ते मात्र आठवेना. दोन तास शोधलं आणि शेवटी वैतागून नवीन किट (सजावटीच्या फाइलींचा संच) उतरवून घेतलं. बहुतेकांचा साठा असाच वाढतो.

एका किटात बारा इंची चौकोनी कागद असतात. 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) ते 3600 बाय 3600 पिक्सेलचे होतात. सोबत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चित्रं असतात (फुलं, बटणं, दोऱ्या), अक्षरं असतात, कधी पीएसडी टेम्प्लेटही (फोटोशॉपमधला तयार आराखडा). अशी दोनशे किटं झाली की फाइली हजारोंत जातात.

आधी एक प्रत

डाउनलोड, पेन ड्राइव्ह, जुना लॅपटॉप, जिथे जिथे सामान पडलंय तिथून ते एका फोल्डरात आणा. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. मग त्या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवा आणि आवरून होईपर्यंत तिला हात लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. कॉपी चालू असताना डेस्कटॉप बंद पडला तर फाइल अर्धवट राहते. म्हणून मोठी कॉपी बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करावी.

झिप उघडताना

अनेक झिपांत (किट ज्यात बांधून येतं त्या फाइलींत) फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर निघतो. तो मधला काढून टाका. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्रॅम ती उघडत नाहीत. त्यामुळे मुख्य फोल्डर थेट डी ड्राइव्हवर ठेवा आणि नाव छोटं द्या, ‘स्क्रॅप’ एवढं पुरे.

किट फोडू नका

मी फोडली होती. सगळी फुलं एकीकडे, सगळे कागद दुसरीकडे. महिनाभरात कळलं, एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांची ताटातूट झाली आणि कुठलं फूल कोणत्या डिझायनरचं तेही कळेना. आता फोल्डरच्या नावात आधी डिझायनर, मग किट. प्रीव्ह्यू चित्राच्या नावाआधी दोन शून्य लावते, म्हणजे ते सगळ्यात वर दिसतं. वापराच्या अटींची फाइल किटातच राहू द्या. घरच्या अल्बमला चालणारं किट पैसे घेऊन केलेल्या लग्नाच्या अल्बमला चालेलच असं नाही.

खरं काम टॅगचं

फोल्डर सांगतो वस्तू कुठून आली. ती कशाला उपयोगी पडेल ते टॅग (फाइलला जोडलेला शोधशब्द) सांगतो. यासाठी अडोबी ब्रिज किंवा डिजिकॅम हा प्रोग्रॅम घ्या, दोन्ही फुकट आहेत. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये जेपीजीला टॅग लावता येतो, पीएनजीला नाही, आणि आपलं निम्मं सामान पीएनजीच. डिजिकॅममध्ये टॅग फाइलच्या आतच लिहिले जावेत ही सेटिंग आधी पाहून घ्या. गूगलने 2016 मध्ये पिकासा हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा त्याच्या आत मांडलेले अल्बम आतच अडकले. टॅग फाइलमध्ये असेल तर प्रोग्रॅम बदलला तरी तो सोबत येतो.

टॅगला कुठले शब्द द्यायचे? इथे डिझायनरचं ऐकू नका. बरीचशी किटं परदेशी असतात. बर्फ, भोपळे, ख्रिसमस. ‘हिवाळा’ असा टॅग लावलात तर ते किट खान्देशात वर्षभर बंदच राहणार. त्यातला भुसभुशीत बर्फ मी कापूस वेचणीच्या पानावर वापरला आणि कोणालाही शंका आली नाही. त्याला माझा टॅग आहे ‘पांढरं-मऊ’. पानगळीच्या किटातले केशरी कागद कानबाईच्या (खान्देशातला श्रावणातला सण) रोटांच्या फोटोंना शोभतात, तर उष्ण कटिबंधाच्या किटातली रुंद पानं रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेला. म्हणून रंग, पोत आणि आकार यांनाच टॅग द्या. वस्तूचं नाव द्यायचंच तर आपल्या तोंडात येतं तेच द्या: दोरी, गाठ, चौकट, फूल. तीस-चाळीस शब्दांची यादी वहीत लिहून तिलाच चिकटून राहा. एकदा ‘दोरी’ आणि एकदा ‘दोरा’ झालं की शोध फसतो.

सगळ्या फाइलींना टॅग लावत बसू नका. कागद किटागणिक एकदम निवडून रंगाचा टॅग लावा. एकेक बघायची ती फक्त चित्रं. टीव्ही चालू ठेवून रोज दोन किटं होतात.

दुबार फाइली डूपगुरू नावाच्या प्रोग्रॅमने शोधता येतात. पण आधी यादी पाहा, मग पुसा.

मैत्रिणीला पीएनजी पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली तर पारदर्शकपणा जातो आणि आकारही घटतो.

आवरून झालं की कपाटातली प्रत नव्याने करा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. माझी बहिणीकडे धुळ्याला असते.

नव्या किटांसाठी ‘उंबरठा’ नावाचा फोल्डर केलाय. टॅग लागल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि उंबरठ्यावर पाच जमली की नवीन उतरवणं बंद. दिवाळीच्या सेलमध्ये हा नियम मीच मोडते.