बिऱ्हाड समुद्रापलीकडे नेताना: गाडी आणि घरसामानाबद्दल

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी देश बदलला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या मागून येणारं कुणी ना कुणी निघायच्या आधी फोन करतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी आणू का? त्यापाठोपाठ दुसरा: घरसामानावर कर भरावा लागतो का? फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, काहीतरी राहून जातं आणि मग मलाच रुखरुख लागते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी मूळ गोष्ट. बहुतेक देश कायमचं राहायला येणाऱ्या माणसाला त्याचं वापरातलं घरसामान सीमाशुल्काशिवाय आणू देतात. पण ही माफी सामानाला नसते, स्थलांतराला असते. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पटवायच्या असतात: तुम्ही खरोखर राहायला आलात, आणि हे सामान खरोखर तुमचं, वापरातलं आहे. बाकीचे फॉर्म, याद्या, शिक्के हे सगळे या दोन गोष्टींचे पुरावे. आणि पुरावा म्हणजे शेवटी तारीख. वस्तू कधी घेतली, जुनं घर कधी सोडलं, व्हिसा कधी मिळाला, नव्या पत्त्यावर नोंद कधी झाली, सामान बंदरात कधी उतरलं. या तारखांचा क्रम नीट बसला तर सामान सुखरूप घरी येतं. एक तारीख इकडची तिकडे झाली तर स्वतःच्याच पलंगावर कर भरायची वेळ येते.

युरोपीय संघाचा 2009 चा नियम उदाहरणादाखल बघा, कारण त्यात ही चौकट फार स्वच्छ दिसते. येण्याआधी सलग किमान 12 महिने संघाबाहेर वास्तव्य हवं. वस्तू किमान 6 महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी. नवं वास्तव्य सुरू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत ती आणायची. एका खेपेत जमलं नाही तर दोन-तीन खेपांत आणता येते. आणि आणल्यावर 12 महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाला वापरायलाही द्यायची नाही. दारू, तंबाखू आणि धंद्याची वाहनं या माफीत बसत नाहीत; घरची मोटार, मोटारसायकल, सायकल बसते. ब्रिटन संघातून बाहेर पडलं तरी तिथे मुख्य आकडे हेच आहेत, फक्त अर्ज आधी करून मंजुरीचा क्रमांक हातात घ्यावा लागतो. अमेरिकेत घरसामान किमान एक वर्ष वापरलेलं लागतं, ऑस्ट्रेलियातही 12 महिन्यांचीच अट आहे. आकडे देशागणिक बदलतात, विचार सगळीकडे तोच.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. निघायच्या तीन महिने आधी आम्ही नवी वॉशिंग मशीन आणि दोन उत्तम गाद्या घेतल्या. तिकडे जाऊन लगेच खरेदीची धावपळ नको, एवढाच विचार. बिलं मी जपून फाईलला लावली होती, आणि त्याच बिलांवरच्या तारखांनी सांगितलं की या वस्तूंना सहा महिने झालेले नाहीत. शुल्क भरलं, त्यावरचा कर भरला. कर वस्तूच्या किमतीवरच लागतो असंही समजू नका. बहुतेक देशांत किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर शुल्क लावतात आणि ते शुल्क धरून येणाऱ्या रकमेवर पुन्हा मूल्यवर्धित कर. त्यामुळे नवीन काही घ्यायचंच असेल तर निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष असताना घ्या आणि वापरायला काढा, नाहीतर सरळ पोचल्यावर घ्या.

आपल्या वयाच्या लोकांसाठी आणखी दोन बाबी. पहिली, वस्तू कुणाच्या नावावर आहे. गाडी मुलाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल आणि माफी तुम्ही मागत असाल तर ती मिळत नाही. नोंदणी, विमा, व्हिसा या सगळ्यांवर एकच नाव, एकाच वर्णलेखनात असावं. माझं नाव पासपोर्टवर एक आणि जुन्या बिलांवर दुसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं होतं. ते जुळवून देणारं प्रतिज्ञापत्र करण्यात दोन आठवडे गेले. दुसरी, निवृत्तांना मिळणारा व्हिसा हा प्रत्येक देश कायमच्या वास्तव्याचा मानतोच असं नाही. काही ठिकाणी तो तात्पुरता धरतात आणि मग माफीचे नियम वेगळे लागतात. म्हणून कंटेनर ठरवण्याआधी त्या देशाच्या कस्टम्सला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या वस्तूंसाठी युरोपात वेगळी माफी आहे, तिथे सहा महिने वापराची अट नसते, पण वारसाचा कागद लागतो.

आता यादी. माझ्या मते सगळ्या स्थलांतरात सर्वांत जास्त वेळ द्यावा असं काम हेच. प्रत्येक खोक्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे आत काय आहे ते. "स्वयंपाकघर, इतर" असं लिहिलेलं खोकं उघडलं जाण्याची शक्यता जास्त. "वापरलेली स्टीलची भांडी 14, काचेचे पेले 6" असं लिहिलेलं बहुधा तसंच पुढे जातं. विजेच्या वस्तूंचा मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहा. किमतीच्या रकान्यात आजची, जुन्या वस्तूची किंमत लिहायची, नव्याची नाही. आणि शून्यही लिहायचं नाही. यादी तिथल्या भाषेत लागते का ते विचारून घ्या. कॅनडाचा नियम यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिल्यांदा देशात पाऊल ठेवतानाच दोन याद्या द्याव्या लागतात, एक सोबत आणलेल्या सामानाची आणि एक मागून येणाऱ्या सामानाची. मागून येणारी जी वस्तू त्या दिवशी यादीत नव्हती, तिला नंतर माफी मागणं अवघड. म्हणजे विमानात बसायच्या आधीच पोटमाळ्यावरच्या शेवटच्या पेटीपर्यंत सगळं ठरलेलं असायला हवं.

हे आणि मी, दोघांनी मिळून ती यादी करायला सहा आठवडे घेतले. रोज संध्याकाळी एक कपाट. त्यात एक वेगळाच फायदा झाला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिच्यापुढे किंमत लिहायची म्हटलं की ती न्यायची की नाही हे आपोआप ठरतं. आमचं निम्मं सामान त्या यादीतच मागे राहिलं आणि त्यातल्या एकाही वस्तूची आजवर गरज पडलेली नाही.

गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी आणू नये. आम्ही आणली होती, म्हणून हे कळकळीने सांगते.

शुल्क माफ झालं म्हणजे गाडी रस्त्यावर आली, असं होत नाही. कस्टम्सचा दरवाजा वेगळा आणि नोंदणीचा वेगळा. नोंदणीसाठी गाडी त्या देशाच्या सुरक्षेच्या आणि धुराच्या मानकांत बसते हे दाखवावं लागतं. युरोपात त्यासाठी उत्पादकाचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र मागतात, आणि दुसऱ्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या गाडीला ते बहुधा मिळत नाही. मग एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी. अमेरिकेत 25 वर्षांपेक्षा कमी वयाची गाडी तिथल्या संघीय सुरक्षा मानकांत बसलीच पाहिजे, कॅनडात ही मर्यादा साधारणपणे 15 वर्षांची आहे. सिंगापूरमध्ये उलट, तीन वर्षांपेक्षा जुनी साधी वापरलेली गाडी येऊच शकत नाही. ऑस्ट्रेलियात गाडी बोटीवर चढण्याआधी आयातीची मंजुरी हातात हवी. आधी पाठवून मग अर्ज करणाऱ्यांची गाडी बंदरात अडकते आणि रोजचं भाडं चढत जातं.

मग स्टिअरिंगची बाजू. फिलिपिन्सने 1998 च्या कायद्याने उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इतर अनेक देशांत बंदी नाही, पण त्रास आहे. ही गोष्ट किती खोलवर जाते ते सामोआने दाखवलं: 7 सप्टेंबर 2009 रोजी त्या देशाने वाहतूक उजवीकडून डावीकडे आणली, ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या स्वस्त जुन्या गाड्या लोकांना आणता याव्यात म्हणून. देशाला रस्त्याची बाजू बदलता येते, आपल्याला नाही. आमच्या गाडीचं स्टिअरिंग तिथल्या वाहतुकीच्या उलट बाजूला होतं. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरचं काही दिसायचं नाही, शेजारी बसलेल्या मी वाकून सांगायचं की रस्ता मोकळा आहे. टोलनाक्यावर मी खिडकीतून हात काढायची. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायचा म्हणून दोन्ही दिवे बदलले, मागचा धुक्याचा दिवा दुसऱ्या बाजूला नेला. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने अनोळखी रस्त्यांवर हे करू नये. वर्षभर ती विकता येत नव्हती. वर्ष संपल्यावर विकली तेव्हा घेणारा सहजी मिळेना, कारण उलट्या स्टिअरिंगची गाडी तिथे कुणाला हवी?

तरीही आणावी अशी परिस्थिती असते. अपंगत्वामुळे गाडीत खास बदल करून घेतलेले असतील, दोन्ही देशांत वाहतुकीची बाजू एकच असेल, तेच मॉडेल तिथेही विकलं जात असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर जरूर विचार करा. आणायची ठरलीच तर मूळ नोंदणी, खरेदीचं बिल, आधीच्या विम्याची कागदपत्रं, चासी नंबर स्पष्ट दिसेल असे फोटो आणि निघताना मीटरवरच्या आकड्याचा फोटो हे सगळं ठेवा. कर्ज असेल तर ते फेडून बँकेचा दाखला घ्या. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त इंधन ठेवू नका. गाडीच्या डिकीत सामान भरण्याचा मोह होतो; गाड्या चालवत चढवायच्या जहाजावर बहुतेक कंपन्या ते चालू देत नाहीत आणि भरलेल्याचा विमाही उतरवत नाहीत. आणि गाडी विकून येणार असाल तरी विमा कंपनीकडून "इतक्या वर्षांत दावा नाही" असं पत्र घ्या. नव्या देशातली विमा कंपनी कधी कधी ते मानते आणि हप्ता बराच खाली येतो.

वाहतुकीचं थोडक्यात. 20 फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. तेवढं सामान नसेल तर इतरांबरोबर वाटून घेतलेला कंटेनर मिळतो, पण मग दुसऱ्याच्या सामानाची तपासणी लांबली की आपलंही थांबतं. खोकी स्वतः भरली तर आतली फुटतूट विम्यात सहसा धरत नाहीत. काच आणि चिनी मातीची भांडी तरी कंपनीच्या माणसांकडून बांधून घ्या. आणि विमा घेताना "जनरल ॲव्हरेज" त्यात आहे का हे विचारा. जहाज वाचवण्यासाठी केलेला खर्च जहाजमालक आणि माल पाठवणारे सगळे मिळून वाटून घेतात, असा हा समुद्री व्यापाराचा फार जुना नियम. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन जहाज सहा दिवस अडकलं, तेव्हा तो लागू झाला. कालवा मोकळा झाल्यावरही जहाज जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडवलेलं होतं, आणि ज्यांचा विमा नव्हता त्यांना आपला वाटा हमी म्हणून दिल्याशिवाय माल मिळत नव्हता.

स्वच्छतेकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि सामान तिथेच जास्त अडकतं. बागेची अवजारं, चालायचे बूट, सायकलची चाकं, गाडीच्या खालची बाजू यांवर माती किंवा बी दिसलं की ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश ते आपल्या खर्चाने धुवायला पाठवतात. ऑस्ट्रेलियात 1 सप्टेंबर ते 30 एप्रिल या काळात ठराविक देशांतून निघणाऱ्या गाड्यांवर एका ढेकणासारख्या किड्यामुळे जादा प्रक्रिया करावी लागते. तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये ते असू शकतं. लाकडी पेट्यांवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. त्याचा सर्वसाधारण अर्थ ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलं आहे. हस्तिदंताची जुनी डबी, शिसवी वाद्य, सापाच्या कातड्याची पर्स असल्या वस्तूंना वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना लागू शकतो. आजीची असली तरी.

विजेची उपकरणं आणताना व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही बघा. युरोपात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेत 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही, त्यामुळे मोटर असलेली यंत्रं नीट चालत नाहीत. आमची ती कर भरून आणलेली वॉशिंग मशीन याच कारणाने वर्षभरात गेली.

औषधं, चष्मे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दागिने आणि कागदांची मूळ फाईल कंटेनरमध्ये ठेवू नका. त्या फाईलच्या दोन प्रती करा, एक हातातल्या बॅगेत आणि एक मागे राहणाऱ्या नात्यातल्या माणसाकडे. आम्ही पोचल्यावर कंटेनर यायला नऊ आठवडे लागले, आणि त्या काळात कस्टम्स एजंटने चार वेळा कागद मागितले, चारही वेळा वेगळे. सामान घरी आल्यावरही फाईल फेकू नका. वर्षभर वस्तू विकलेली नाही ना, हे बघायला अधिकारी नंतरही येऊ शकतात. आमच्याकडे दहाव्या महिन्यात आले होते. यादी हातात घेऊन त्यांनी खोली-खोली फिरून 31 नंबरच्या खोक्यातलं शिवणयंत्र दाखवा म्हटलं. ते खिडकीपाशीच होतं, सुईत दोरा ओवलेला.