मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ ग्रुपवर आला तर

भांडुपमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही. एका दुपारी व्हिडिओ पडला: ‘टोळी आपल्या भागात आलीय, सगळ्यांना पाठवा.’ पंधरा मिनिटांत गेटवर बोहारणीला घेरलं होतं. मी धावत खाली गेले तेव्हा तिची पातेली रस्त्यावर विखुरलेली, आणि ती ‘पोरं माझीपण आहेत हो’ एवढंच म्हणत होती. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

म्हणून व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करा. घाबरवतो तो आवाजच. मग थांबवत थांबवत बघा: रिक्षा, दुकानाच्या पाट्या, गाडीचा नंबर. आमच्या व्हिडिओतली रिक्षा हिरवी-पिवळी होती. मुंबईत रिक्षा काळी-पिवळी असते, हे लहान पोरही सांगेल, पण बघितलंच नाही कोणी. एक स्पष्ट फ्रेम पकडून स्क्रीनशॉट काढा आणि फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाका. जुना व्हिडिओ बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. तरी शंका उरली तर पोलीस स्टेशनला फोन लावा.

खोटा निघाला की ॲडमिनने तो सगळ्यांसाठी डिलीट करावा, पण गुपचूप नको. का काढला ते तिथेच लिहा. पाठवणाऱ्या काकांना मात्र वेगळा फोन करा; चारचौघांत अपमान झाला की माणूस हट्टाला पेटतो.

खरं-खोटं सरकारने ठरवावं, हे मला पटत नाही. स्वतःच्या कारभाराबद्दलच्या बातम्या केंद्राच्याच युनिटने तपासायच्या, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, ते योग्यच झालं. पण सोशल मीडिया कंपन्यांना मोकळं सोडू नका. मराठी तक्रारी वाचायला किती माणसं ठेवलीत, हे त्यांना जाहीर करायला लावा.

तोच व्हिडिओ फेसबुकवर दिसला तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच मिळायला हवी. ती जपून ठेवा. कंपनीचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.