बेस गिटार स्वतः घडवताना या चुका टाळा, आणि झालेल्या चुकांचे मूळ असे शोधा

घरच्या कार्यशाळेत घडवलेल्या बेस गिटारमध्ये जो दोष शेवटी समोर येतो, त्याचे मूळ बहुधा दोन-तीन टप्पे मागे असते. तारा बोटांना उंच लागतात तेव्हा आपण ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकवणाऱ्या आधाराचे) स्क्रू फिरवत बसतो, पण चूक नेक (वाद्याची लांब मान) बसवण्याच्या खाचेच्या खोलीत झालेली असते. वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) सूर चढा लागतो तेव्हा तारांना दोष दिला जातो, पण ब्रिजची जागाच चुकलेली असते. म्हणून पुढे प्रत्येक चुकीबरोबर तिचे लक्षण आणि मूळ दोन्ही दिले आहेत.

पूर्ण मापाचा नकाशा आणि आधी सुटे भाग

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे लाकूड कापून झाल्यावर ब्रिज, पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारे भाग) आणि ट्यूनिंगच्या खुंट्या विकत घेणे. वाद्य समोरून काढलेल्या सुंदर चित्रावर उभे राहत नाही. त्याला बाजूने पाहिलेला, प्रत्यक्ष मापाचा छेद लागतो. साध्या स्क्रूने जोडलेल्या नेकचे उदाहरण घेऊ. नेकची टाच (बॉडीत बसणारे टोक) फ्रेटबोर्डसह (फ्रेट बसवलेल्या फळीसह) साधारण 25.4 मिमी जाड आणि खाच 15.9 मिमी खोल असेल, तर फ्रेटबोर्ड बॉडीच्या पृष्ठभागापासून 9.5 मिमी वर येतो. त्यावर फ्रेटची सुमारे 1 मिमी उंची आणि ब्रिजपर्यंत वाढत जाणारे तारेचे सुमारे पावणेचार मिमी अंतर धरले, तर तारा ब्रिजपाशी बॉडीपासून 14 मिमीच्या आसपास असायला हव्यात. तुम्ही आणलेल्या ब्रिजचे सॅडल (एकेक तार टेकवणारे सरकते तुकडे) या उंचीच्या खाली आणि वर दोन्हीकडे सरकू शकतात का, हे लाकडाला राउटर (खाचा कोरणारे यंत्र) लावण्याआधी ठरले पाहिजे. जड आणि जाड तळाचे ब्रिज अनेकदा इतके खाली येतच नाहीत.

हा हिशोब चुकला तर लक्षण स्पष्ट असते: सॅडल तळाला टेकूनही तारा उंच राहतात. अशा वेळी खाचेच्या ब्रिजकडील टोकाला पातळ पाचर घालून नेक किंचित मागे झुकवता येतो. मात्र ही पाचर खाचेच्या संपूर्ण लांबीभर निमुळती होत गेलेली, लाकडाचीच असावी. कार्डबोर्डचा एक तुकडा टोकाला सरकवला की खाली पोकळी राहते, स्क्रूंच्या दाबाने कालांतराने नेकची टाच वाकते आणि शेवटचे फ्रेट वर उचलले जातात. मग वरच्या पट्टीत प्रत्येक सूर खरखरतो, आणि तो दोष पाचरीपेक्षा कितीतरी कष्टाने निघतो.

याच नकाशावर तोलही तपासावा. अमेरिकन वाद्यनिर्माते लेओ फेंडर यांच्या 1951 सालच्या प्रिसिजन बेसमध्ये बॉडीचे वरचे शिंग लांब पुढे आलेले आहे. ते केवळ शोभेसाठी नाही: पट्ट्याचे बटण बाराव्या फ्रेटच्या जवळ आले की हेडस्टॉक (खुंट्या असलेले नेकचे टोक) जमिनीकडे झुकत नाही. नवखे कारागीर बहुतेक वेळा वेगळेपणासाठी हे शिंग आखूड करतात, बॉडीला हलके लाकूड निवडतात आणि खुंट्या मात्र जड घेतात. परिणामी डाव्या हाताला सूर दाबण्याबरोबर नेक पेलण्याचेही काम करावे लागते, आणि तासाभराच्या सरावात मनगट दुखू लागते. वाद्य तयार झाल्यावर हे लक्षात आले तर हलक्या वजनाच्या खुंट्या हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण नेकच्या टोकाला कमी केलेले थोडेसे वजनही तरफेमुळे मोठा फरक पाडते. बॉडीत शिसे भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मी स्वीकारणार नाही. त्याने तोल सुधारेल, पण खांदा थकेल.

फ्रेट आणि ब्रिज

चौतीस इंचांच्या, म्हणजे 864 मिमी स्केल लांबीच्या (कंप पावणाऱ्या तारेच्या ठरवलेल्या लांबीच्या) बेसमध्ये पहिला फ्रेट नटपासून (हेडस्टॉककडील, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) 48.5 मिमीवर आणि बारावा बरोबर 432 मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला दर वेळी 17.817 ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. गणित बरोबर करूनही आखणी चुकते, कारण प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजला जातो. दर खेपेस पाव मिमीचा फरक एकाच दिशेने पडला, तर विसाव्या फ्रेटपर्यंत तो 5 मिमी होतो, आणि तिथे एका मिलिमीटरनेही सूर सुमारे सहा सेंट (अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सहा) हलतो. म्हणून सर्व अंतरे आधी कोष्टकात लिहून घ्यावीत आणि पोलादी पट्टी एकदाच नटच्या कडेला लावून, न हलवता, सगळ्या खुणा कराव्यात.

ब्रिज लावताना याच्या उलट चूक होते: नको तिथे अचूकता धरली जाते. सॅडलच्या मध्यावर 864 मिमीची खूण करून ब्रिज घट्ट बसवला जातो. पण दाबलेली तार ताणली जाऊन किंचित चढते, आणि ती भरपाई करण्यासाठी प्रत्येक सॅडलला स्केल लांबीच्या थोडे मागे जावे लागते. जाड ई तारेला पातळ जी तारेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून जी तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन तो 864 मिमीवर ठेवावा, म्हणजे मागे सरकायला सगळी जागा मिळते. आधी टोकाच्या दोन तारा तात्पुरत्या लावून त्या फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून समान अंतरावर धावतात हे पाहावे, आणि मगच ब्रिजची छिद्रे पाडावीत.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती हलकेच स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे न्यावा, उतरता असेल तर पुढे. सॅडल पूर्ण मागे जाऊनही सूर चढाच राहिला तर ब्रिजच पुढे बसला आहे. फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा असेल, तर ब्रिजला हात लावू नये. नटच्या खाचा उथळ आहेत.

लाकूड आणि पावसाळा

चार तारांचा एकूण ताण 75 ते 80 किलोच्या घरात असतो आणि तो नेक अहोरात्र पेलत असतो. तेव्हा नेकच्या लाकडात घाई करू नये. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात आणलेले लाकूड आर्द्रता धरून असते. त्याचा नेक घडवून तो उन्हाळ्यात विदर्भात किंवा वातानुकूलित स्टुडिओत गेला की फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची धारदार टोके कडेला बाहेर येतात आणि नेक पिळला जाण्याचा धोका राहतो. नेकची फळी आधी मापापेक्षा जाड कापून काही आठवडे खोलीत उभी ठेवावी, ती जे वाकायचे ते वाकू द्यावे आणि नंतर रंधा मारून सरळ करावी. तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेला नेक अखंड फळीपेक्षा भरवशाचा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे सहज मिळणारे सागवान नेकसाठी चांगले आहे, पण त्यात तेल असते. चिकटवण्याच्या लगेच आधी त्याचा पृष्ठभाग ताजा घासून ॲसिटोनने पुसला नाही, तर सांधा वर्षभरात उघडतो. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यांसाठी वापरतात ते तूनचे लाकूड बॉडीला हलके आणि सुरेल पडते. मात्र ते मऊ असल्याने नेकचे स्क्रू त्यात थेट न पिळता बॉडीच्या मागून धातूच्या पट्टीवर टेकवावेत. शिसवीच्या फ्रेटबोर्डवर काम करताना मास्क लावावा, कारण त्याची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते. दमट दिवशी लॅकर फवारू नये; त्यावर पांढुरकी झाक येते.

आवाजातील गुरगुर

वायरिंगमधील दोष हाताच्या स्पर्शाने ओळखता येतात. तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी झाली, तर ब्रिजची अर्थिंग ठीक आहे पण पोकळीत तांब्याची पट्टी नीट लावलेली नाही. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, तर ब्रिजखालची वायर तुटली आहे. हात लावल्यावर गुरगुर वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत. दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पातळ आणि पोकळ झाला तर त्यांपैकी एकाच्या वायरी अदलाबदल कराव्यात. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन मात्र गुरगुर घालवण्यासाठी कधीही कापू नये; वादकाचे हात त्या तारांवर असतात.

खरखर आणि मुका सूर

पहिल्या पाच फ्रेटवर खरखर असेल तर नेक फार सरळ आहे. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत सुमारे 0.3 मिमी फट राहील एवढा ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) सैल करावा, तोही पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको. बाराव्याच्या पुढे खरखर असेल तर ट्रस रॉडचा संबंध नाही. सॅडल खाली गेले आहेत किंवा टाच वर आली आहे. एकाच जागी खरखर असेल तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे, आणि तो तीन फ्रेटवर लहान सरळ पट्टी टेकवून हलवली की सापडतो.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लवकर विझतो, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. फ्रेट घासून किंवा पिकअप बदलून ती जात नाही, कारण त्या सुराची कंपने नेकच्या स्वतःच्या कंपनांशी जुळतात आणि तारेची शक्ती नेक खाऊन टाकतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून तोच सूर पुन्हा वाजवून पाहावा. तो लांबला आणि शेजारचा एखादा सूर मुका झाला, तर निदान पक्के झाले. मग खुंट्यांचे वजन बदलून तो मुका सूर दोन स्वरांच्या मधल्या, कमी वापराच्या जागी सरकवता येतो. पुढचा नेक घडवताना ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे नेक अधिक कडक होतो आणि त्याची कंपने वरच्या स्वरांकडे सरकतात.