विषमतेवरची टीव्ही चर्चा वही घेऊन कशी पाहावी

परभणी जिल्ह्यातील आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसणाऱ्या मंडळींचे, आदल्या रात्रीच्या एकाच टीव्ही चर्चेबद्दल, दोन निकाल ठरलेले असत. निम्म्यांच्या मते वाहिनी सत्ताधाऱ्यांना विकली गेलेली, उरलेल्यांच्या मते विरोधकांना. पुरावा विचारला की दोन्हीकडून "दिसत नाही का तुम्हाला?" एवढेच उत्तर येई. त्या वादाला कंटाळून आम्ही चार-पाच जणांनी आठवड्यातून एक चर्चा वही आणि घड्याळ घेऊन पाहायला सुरुवात केली. विषय सामाजिक विषमतेचाच ठेवला, म्हणजे आरक्षण, ऊसतोड, शेतीची दैना, विकासाचा अनुशेष. कारण या विषयांची झळ मराठवाड्याला बसते आणि त्यांवरच्या चर्चा बहुतेक वेळा मुंबईच्या स्टुडिओत होतात. चुकत-माकत बसवलेली पद्धत पुढे मांडतो.

लागणारे साहित्य थोडे आहे. एक लांबट वही, मोबाइलमधले घड्याळ आणि चर्चेचे यूट्यूबवर ठेवलेले रेकॉर्डिंग, कारण थेट प्रक्षेपण पाहताना नोंदी निसटतात. माणसे मात्र दोन हवीत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध मताची हवीत. एकाच मताच्या दोघांनी मोजदाद केली तर आपल्या माणसाला तोडले की ती "मुस्कटदाबी" ठरते आणि समोरच्याला तोडले की "योग्य हस्तक्षेप". आमच्या पहिल्या महिन्याच्या नोंदी याच कारणाने फाडून टाकाव्या लागल्या. पानावर पाच रकाने आखावेत: वक्ता, पडद्यावर दिलेली त्याची ओळख, बोललेला वेळ, किती वेळा तोडले, आणि त्याला विचारलेला प्रश्न. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा, कारण प्रश्न शब्दशः उतरवायचा असतो.

पहिला वक्ता बोलायला लागण्यापूर्वीच चर्चेचे शीर्षक आणि खालची पट्टी लिहून घ्यावी. समजा, २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटिअरसंबंधी, म्हणजे निजामकाळातील नोंदींच्या आधारे मराठ्यांना ओबीसीतले कुणबी दाखले देण्यासंबंधी, काढलेल्या शासन निर्णयावर चर्चा आहे. एका वाहिनीने शीर्षक दिले "मराठ्यांना अखेर न्याय?" आणि दुसरीने दिले "ओबीसींच्या हक्कावर गदा?" दोन्हीकडे प्रश्नचिन्ह आहे, दोन्हीकडे पाहुणे कदाचित तेच असतील, तरीही सिद्ध कोणी करायचे आणि बचाव कोणी करायचा, याची वाटणी शीर्षकानेच करून टाकली आहे. पाहुणे मोजणारा प्रेक्षक ही पहिली पायरी हमखास चुकतो.

आता खुर्च्या. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांत २०२२ आणि २०२३ मध्ये फूट पडल्यापासून वाहिन्यांचे गणित सोपे झाले आहे: महायुतीचे तीन, महाविकास आघाडीचे तीन, मध्ये अँकर. तीनास तीन बसले की तोल साधला, अशी समजूत असते. महागाईवर किंवा एखाद्या घोटाळ्यावर चर्चा असेल तर ही वाटणी चालूनही जाते. मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर ती साफ कोसळते, कारण या प्रश्नाची भेग पक्षांच्या मधून नव्हे, पक्षांच्या पोटातून गेलेली आहे. जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावे एकमेकांजवळ आहेत; एका गावात मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले, दुसऱ्यात ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी. दोन्ही मांडवांना भेट देणारे नेते जवळपास सर्वच पक्षांत सापडतात. अशा विषयावर सहा प्रवक्ते बसवले की सहाही जण एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणतात: ओबीसींच्या ताटातले न काढता मराठ्यांना मिळाले पाहिजे. ते कसे मिळेल, हा खरा वाद. आणि तो वाद घालणारा माणूस स्टुडिओत नसतोच.

म्हणून खुर्च्या मोजण्याआधी वादाच्या बाजू मोजाव्यात, आणि त्या आपल्या शब्दांत वहीच्या डाव्या पानावर लिहून ठेवाव्यात. या विषयात आम्हाला निदान चार बाजू दिसतात. जुन्या नोंदींनुसार मराठवाड्यातील मराठा हा कुणबीच आहे, तेव्हा त्याला ओबीसीतून वाटा मिळावा, ही एक. ज्याची नोंद सापडेल त्याला व्यक्तिशः दाखला द्यावा, सरसकट देऊ नये, ही दुसरी. स्वतंत्र आरक्षण हाच मार्ग आहे, ही तिसरी; तिच्यामागे २०१८ चा १६ टक्क्यांचा कायदा, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचे शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणलेले प्रमाण, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द करणे आणि २०२४ चा १० टक्क्यांचा नवा कायदा एवढा इतिहास आहे. आणि मूळ दुखणे शेतीतल्या तोट्याचे आहे, आरक्षण हे त्यावरचे औषध नव्हे, ही चौथी. आता उजव्या पानावरचा प्रत्येक वक्ता यांपैकी कोणत्या बाजूचा, ते लिहावे. चारपैकी दोन बाजूंसमोर कोणाचेच नाव आले नाही तर सहा पक्ष हजर असूनही चर्चा लंगडी आहे. भटक्या विमुक्तांतील छोट्या जातींचा माणूस, ज्यांना ओबीसींच्या वाट्यातही आपला वाटा मिळत नाही असे वाटते, तो तर आमच्या वहीत क्वचितच आला आहे.

याच ठिकाणी आणखी एक गल्लत टिपावी. संविधानाच्या कलम १६(४) मध्ये प्रश्न आहे तो मागासवर्गाला शासकीय सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व आहे की नाही, हा. गरिबीच्या निकषावरचे १० टक्के आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आले आणि त्याचा आधार वेगळा आहे. चर्चेत एक वक्ता प्रतिनिधित्वाचे आकडे देतो, दुसरा दोन एकर कोरडवाहू शेतकऱ्याची कर्जबाजारी अवस्था सांगतो, आणि अँकर दोघांना एकमेकांची उत्तरे म्हणून झुंजवतो. दोघेही खरे बोलत असू शकतात. प्रश्नच दोन आहेत. असे घडले की त्या मिनिटासमोर आम्ही "दोन विहिरी" अशी खूण करतो. वाचनालयात हा शब्द आता रूढ झाला आहे.

वेळ मोजण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. जाहिराती वगळाव्यात, अँकरचा वेळही वेगळा धरावा. पुष्कळदा सर्वांत जास्त बोललेला माणूस तोच निघतो. मिनिटे सारखी मिळालीच पाहिजेत असे नाही. ज्याच्या हाती खाते आणि तिजोरी आहे त्याला जास्त प्रश्न विचारले जाणे हा पक्षपात नव्हे, आणि सत्ताधारी प्रवक्त्याला दहा प्रश्न व विरोधकाला चार, एवढ्यावरून निकाल देऊ नये. खरी कसोटी अदलाबदलीची. प्रश्न तोच ठेवून पक्षाचे नाव बदलावे आणि अँकरने तो विचारला असता का, याच सुरात विचारला असता का, ते पाहावे. मराठवाडा विकास मंडळाचे उदाहरण यासाठी फार उपयोगी पडते. संविधानाच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते. मंडळे पुन्हा आणण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तेव्हा महायुतीचे. म्हणजे "तुम्ही सत्तेत असताना काय केले?" हा प्रश्न दोन्हीकडे तितक्याच जोराने विचारता येतो. तो एकाच बाजूला विचारला गेला तर वहीत तसे लिहावे.

पक्षांचा तोल साधूनही विषमतेवरची चर्चा कुठे एकांगी होते, हे आम्हाला ऊसतोडीच्या एका चर्चेने शिकवले. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघतात तेव्हा आणि पुढे एखादा अपघात झाला की, वाहिन्यांना हा विषय आठवतो. त्या दिवशी पॅनेलवर दोन पक्षांचे प्रवक्ते, साखर कारखानदारांच्या बाजूने बोलणारे एक आणि कामगार संघटनेचे एक असे चौघे होते. दर टनाला मजुरी किती वाढावी, यावर त्यांची चांगली जुंपली. आमच्यासोबत चर्चा पाहायला बीड जिल्ह्यातून आमच्या गावी आलेली, सहा हंगाम ऊसतोड केलेली एक बाई बसली होती. अर्धा तास ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे सगळे कोयत्याचा भाव करायलेत. अर्धा कोयता कुणाला दिसंना."

या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम (मजूर गोळा करणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीची, हिशेब होतो तो जोडीचा, आणि पैसे बहुतेक वेळा हातात पडतात ते पुरुषाच्या. मजुरी वाढवा म्हणणारा आणि वाढवू नका म्हणणारा, दोघेही कोयता हेच माप धरून बोलत असल्यामुळे बाईचा निम्मा वाटा त्या वादात कुठेच दिसत नाही. चर्चेच्या मधोमध फडावरच्या एका बाईचा बाइट दाखवला होता, म्हणजे तिला पूर्ण वगळले असेही म्हणता येणार नव्हते. आम्ही रेकॉर्डिंग मागे नेऊन तिला विचारलेला प्रश्न लिहून घेतला. तो होता, "किती त्रास होतो?" प्रवक्त्यांना विचारलेला होता, "यावर उपाय काय?"

तेव्हापासून प्रश्नांच्या रकान्यात आम्ही दोन खुणा करतो: भावना विचारली की "भा", उपाय विचारला की "उ". आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी, बेरोजगार पदवीधर, तांड्यावरचा शिक्षक यांच्यासमोर बहुतेक "भा" आणि स्टुडिओतल्या मंडळींसमोर "उ" जमू लागले, तर ज्यांच्यावर बेतते त्यांना साक्षीदाराचा दर्जा आहे आणि निकाल दुसऱ्यांच्या हाती आहे, असे समजावे. पडद्यावरच्या ओळखीकडेही लक्ष द्यावे. "राजकीय विश्लेषक" ही सर्वांत मऊ गादी आहे. तिच्यावर बसलेल्याने गेल्या काही वर्षांत एखाद्या पक्षाचे पद भूषवले आहे का, हे शोधायला पाच मिनिटे पुरतात.

आकडा उच्चारला गेला की तीन गोष्टी विचाराव्यात: कोणी मोजला, केव्हा, आणि कोणत्या मापाने. महाराष्ट्रातील ५२ टक्के आरक्षणाची वाटणी अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त जाती-भटक्या जमाती ११ आणि विशेष मागास प्रवर्ग २ अशी आहे. चर्चेत मात्र केंद्रातील नोकऱ्यांचा ओबीसींचा २७ टक्के हा आकडा राज्याचा म्हणून बिनदिक्कत फेकला जातो. जातीनिहाय लोकसंख्या ठामपणे सांगणाऱ्याला तर थांबवलेच पाहिजे, कारण देशात सर्व जातींची शिरगणती होऊन आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ च्या जनगणनेचे, आपण निजामाच्या राज्यात असताना. पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. अनुशेषाच्या आकड्यातही मापाचा खेळ आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हा घटक धरला होता, विजय केळकर समितीने २०१३ मध्ये तालुका धरला. जिल्ह्याच्या सरासरीत झाकलेला मागास तालुका दुसऱ्या मापात उघडा पडतो, तसेच पुढारलेल्या विभागातले कोरडे तालुकेही पुढे येतात. दोन वक्ते दोन अहवाल घेऊन भांडत असतील तर त्यांतला एक खोटे बोलतोच असे नव्हे.

वहीतून काही ठोस निघाले तर पुढे काय करायचे, हेही ठरवून ठेवावे. अमेरिकेत १९४९ पासून १९८७ पर्यंत वादग्रस्त विषयांवर विरोधी मतांना वाव देण्याचे बंधन प्रसारकांवर होते. ब्रिटनमध्ये विषयाला साजेशी निष्पक्षता पाळण्याचा नियम आजही आहे. आपल्याकडे खासगी वाहिन्यांवर प्रत्येक बाजूला समान वेळ देण्याचे कायदेशीर बंधन नाही. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणूकविषयक मजकूर दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मनाई आहे, तो भाग वेगळा. एरवी हाताशी असते ती केबल टेलिव्हिजन नियमांतील कार्यक्रम संहिता, जी जाणूनबुजून केलेली खोटी सूचक विधाने आणि अर्धसत्ये यांना मज्जाव करते, आणि वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची स्वतःची आचारसंहिता, जिच्यात निष्पक्षतेचा उल्लेख आहे.

तक्रार प्रथम वाहिनीकडेच करावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार तिने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. आठवडा उलटू न देता लिहावे आणि "वाहिनी पक्षपाती आहे" हे वाक्य पत्रात कुठेही घालू नये. तारीख, कार्यक्रमाचे नाव, रेकॉर्डिंगमधले मिनिट-सेकंद, शब्दशः उतरवलेला प्रश्न आणि तोच प्रश्न दुसऱ्या बाजूला विचारला गेला नाही ही नोंद, एवढे पुरते. पत्र एका पानाचे असावे आणि खाली दोन्ही मतांच्या मोजणाऱ्यांच्या सह्या असाव्यात. आमच्या एका पत्राला वाहिनीकडून उत्तर आले नाही, पण पुढच्या ऊसतोडीच्या चर्चेत फडावरच्या बाईला उपाय विचारला गेला. पत्रामुळेच, असा दावा आम्ही करत नाही. त्या पानावर "उ" लिहून तारीख टाकली आहे.