कोड रिव्ह्यूला बसताना: जी ओळ लिहिलीच नाही ती शोधा

इंदूरला विजय नगरातल्या एका कंपनीत मी सहा वर्षं काम करते आहे. पहिले काही महिने मला कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड मंजूर करण्याआधी तपासणं, हे नुसतं वाचन वाटायचं. पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी आलेला बदल) उघडायची, काढलेल्या आणि घातलेल्या लाल-हिरव्या ओळींवरून नजर फिरवायची, एखाद्या व्हेरिएबलचं नाव खटकलं तर सांगायचं, आणि अप्रूव्ह.

असाच पेमेंटचा एक बदल मी मंजूर केला. बँकेचं उत्तर ठरल्या वेळेत आलं नाही तर मागणी पुन्हा पाठवायची, एवढंच त्यात होतं. कोड नेटका, टेस्टही पास. पण उत्तर आलं नाही म्हणजे पैसे कापले गेले नाहीत, असं थोडंच असतं? काही वेळा पैसे कापले गेले होते, उत्तर तेवढं वाटेत अडकलं होतं. दुसऱ्या मागणीला ते पुन्हा कापले गेले. ग्राहकांचे फोन सुरू झाले तेव्हा मी तो बदल पुन्हा उघडला. चुकीची ओळ एकही सापडेना. प्रत्येक ऑर्डरला एक कायमचा क्रमांक देऊन तोच दोन्ही वेळा पाठवला असता, तर ही जुनीच मागणी आहे हे पलीकडे कळलं असतं. त्याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. ती ओळच कोणी लिहिली नव्हती.

त्या रात्री रामबागेत घरी आले तर आई भिशीची वही तपासत बसली होती. ती रकमांची बेरीज नंतर करते, आधी बायकांची नावं मोजते: कोण राहिलं? मी रिव्ह्यू तसा करायला लागले.

म्हणून डिफ, म्हणजे त्या लाल-हिरव्या ओळी, आधी उघडू नका. आधी तिकीट, म्हणजे काय काम हवंय त्याची नोंद, वाचा आणि हे काम मी केलं असतं तर काय काय लागलं असतं, ते कागदावर लिहा. रिकामी यादी आली तर? दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? नेटवर्क मध्येच तुटलं तर? मग टेस्ट वाचा, आणि कोड सगळ्यात शेवटी. कागदावरचं जे कोडमध्ये सापडत नाही, तिथे थांबा.

लिहिलेली चूकही नजरेतून सुटते, हेही खरं. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलने आयफोनसाठी तातडीने दुरुस्ती काढली, ती 'गोटू फेल' (थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडल्यामुळे. इफच्या खाली महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ कुठल्याही अटीशिवाय चालायची. सर्व्हर खरा आहे हे दाखवणाऱ्या सहीची तपासणी राहूनच जायची आणि निकाल मात्र 'सगळं ठीक' असा यायचा. अशी ओळ कंपायलरच्या इशाऱ्यांनी किंवा लिंटरने (कोडमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनाने) पकडावी. स्पेस, कंस, इंडेंटेशन यंत्रावर सोपवा. माणसाचं लक्ष तिथे खर्च करणं मला पटत नाही.

चारशेपेक्षा जास्त ओळींचा बदल आला तर तुकडे करून मागा. नवीन असलात तरी मागा. मोठ्या बदलात शेवटच्या फायली कोणीच नीट वाचत नाही, मीही नाही.

कमेंट लिहिताना 'हे चुकलंय' म्हणण्यापेक्षा 'इथे यूजर नल (म्हणजे रिकामा) आला तर काय होईल?' असं विचारा. आमच्या टीममधले एक दादा वीस वर्षं कोड लिहीत आहेत, पण माझ्या अशा प्रश्नावर त्यांनी कितीदा तरी स्वतःहून दुरुस्ती केली. आणि कळलं नाही तर सरळ 'मला ही अट कळली नाही' असं लिहा. तुम्हाला कळलं नाही ते पुढच्या वर्षी येणाऱ्यालाही कळणार नाही.

सरावासाठी एक करा. तुमच्या प्रोजेक्टमधला एखादा जुना बग घ्या, गिट ब्लेमने (कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडने) तो कुठल्या कमिटमधून, म्हणजे नोंदवलेल्या बदलातून, आला ते शोधा, आणि बगची माहिती बाजूला ठेवून तो बदल आजच आल्यासारखा तपासा. मी सुरुवात त्या पेमेंटच्या बदलापासूनच केली. काय चुकलं होतं ते पाठ असूनसुद्धा, ती मागणी किती वेळा पुन्हा पाठवायची याला मर्यादाच नव्हती, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं.